नागपूरचा नंबर

माझ्या घरातल्यांना, मित्रांना, बायकोलासुद्धा असंच वाटतं, की पुढच्या शिक्षणाला मी मुंबईला गेलो तो नाइलाजानं. नागपूरला नंबर लागला नाही म्हणून. ते खरं नाही. नागपूरला नंबर लागला होता. मुंबईलाही लागला होता. दोन्हींतून निवड मी केली आणि केल्याचं लपवलं. हे आजवर मी कोणालाही सांगितलेलं नाही. सांगायचं तर ज्या माणसाशी हे खोटं सर्वांत आधी बोललो, त्याच्याबद्दलच सांगावं लागेल.

कुरखेड्याच्या पलीकडे, तलावाला लागून असलेल्या एका गावात ते राहायचे. जातीनं ढिवर, धंदा मासेमारीचा. त्यांच्या घरावरून कोणी गेलं आणि 'राम राम भाऊ' म्हणालं, की ते दोन्ही तळहात बाजूला टेकवून अख्खं शरीर बैठकीवरून वर उचलायचे. नवख्या माणसाला वाटायचं, आपल्याला मान द्यायला उठताहेत. तो ओशाळायचा. "बसा, बसा भाऊ," म्हणायचा. हे तसेच अधांतरी राहून उत्तर द्यायचे, "बसतोच हाय जी. मी कुठी पळून राह्यलो?" आणि मग सावकाश खाली टेकायचे.

ही सवय मी लावलेली. मध काढायला ते ऐनाच्या झाडावर चढले होते, फांदी मोडली, आणि कमरेखालचं सगळं गेलं. अशा माणसाला एका जागी बसून बसून जखम होते आणि झालेली कळतही नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळानं अंग उचलायचं असतं. घरात घड्याळ नव्हतं. पण घर तलावाच्या वाटेवर होतं, दिवसभर माणसांची ये-जा. मी म्हटलं, "कोणी राम राम घातला की उचला." त्यांना ते फार आवडलं. मी आमच्या घरच्या सवयीनं 'जय भीम' म्हणायचो, त्यालाही ते उचलायचे. म्हणायचे, "दोन्ही चालते मास्तर. बूड तं सारखंच वर जाते."

मला ते मास्तर म्हणत. मी नुकताच ऑक्युपेशनल थेरपी शिकून त्या भागातल्या एका छोट्या दवाखान्यात लागलो होतो. माझं काम नेमकं काय, हे दवाखान्यातल्या शिपायालाही सांगता यायचं नाही. यांनी ते पहिल्याच भेटीत निकालात काढलं. "सुई टोचत नाई, गोळी देत नाई. कपडे कसे घालाचे, भाकर कशी थापाची, हेच सांगता. मंग तुमी डाक्टर कायचे? मास्तर तुमी."

त्यांची बायको चुलीपाशी बसल्या बसल्या ऐकत असायची. ती म्हणाली, "अन् हे तुमचे पोट्टे. नापास होणारे."

त्यांना एकच धडा हवा होता. डोंग्यात बसायचं. तुम्ही त्या भागातून गेला असाल तर तलावांवर ते लाकडी डोंगे पाहिले असतील. धडधाकट माणूसही त्यात जपून बसतो. आम्ही डोंग्याच्या तळाशी फळी ठोकली, पाठीला आधार केला, खाली स्कूटरची हवा भरलेली ट्यूब ठेवली. कितीदा तरी ते कलंडले. धाकटा भाऊ कंबरभर पाण्यात उभा राहून डोंगा धरायचा आणि शिव्या खायचा.

मग एके दिवशी जमलं. भावानं हात सोडला आणि डोंगा सरळ राहिला. त्यांनी जाळं टाकलं नाही, वल्हं मारलं नाही. कमळाच्या पानांत नुसते बसून राहिले. काठावर परत आले तेव्हा म्हणाले, "मास्तर, माह्या पायाचं पाण्याले काई समजतच नाई."

त्याच पावसाळ्यात मी पुढच्या शिक्षणासाठी दोन कॉलेजांत अर्ज केले होते. मुंबईचं आधी कळलं: नंबर लागला. नागपूरचं कळायचं होतं. मुंबईच्या कॉलेजचं नाव मोठं, हाताच्या उपचारांचं तिथलं काम देशात गाजलेलं. नागपूरचं साधं, पण तिथं माणसाला त्याच्या घरात, त्याच्या धंद्यात परत कसं बसवायचं, हा विषय होता. शिवाय नागपूरहून शनिवारी निघालं की संध्याकाळपर्यंत या गावात पोचता येत होतं.

हे सगळं मी त्यांच्या सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत बसून बोलायचो. ते जाळं विणायचे आणि उलटतपासणी घ्यायचे.

"मुंबईले काय शिकवते?"

"हात."

"निस्ता हात? अन् नागपूरले?"

"तिथं पूर्ण माणूस."

"मंग हातभर शिकाले एवढ्या दूर काऊन जाता जी?"

मी हसलो. म्हटलं, "नागपूरचं होऊ तर द्या. झालं तर नागपूरच. दर शनिवारी येतो. जाळं कसं ओढायचं ते आपलं राहिलंच आहे."

हे मी बोललो होतो. कोणी बोलायला लावलं नव्हतं.

पुढच्या भेटीत ते गंभीर दिसले. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, कडुनिंबाखाली शेंदूर लावलेली एक शिळा होती. तिला गाव 'माय' म्हणायचं. "मायले बोललो मी," ते म्हणाले. "मास्तराचा नागपूरले नंबर लावून दे म्हनलं. लागला का पयल्या खेपेची मासोळी तुले. अन् लागेपर्यंत डोंग्यात पाय ठेवणार नाई."

"पाय कुठून ठेवसान?" बायको आतून म्हणाली.

"बरं, बूड ठेवणार नाई."

तिघंही हसलो. मी जरा जास्तच. आमच्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले होते. नवस हा शब्द आमच्या घरात लोकांच्या अडाणीपणाबद्दल बोलतानाच यायचा. आवडीची वस्तू सोडल्याशिवाय मागणं पोचत नाही, अशी तिकडची समजूत. त्यांच्याकडे सोडण्यासारखं दुसरं होतं तरी काय? मी म्हटलं, "भाऊ, कॉलेजवाले मायचं ऐकतात का?" ते म्हणाले, "कालेजवाल्याचं मले माहीत नाई. माय माहं ऐकते."

कुरखेड्याच्या एसटीडी बूथवरून मी नागपूरच्या कॉलेजात फोन लावला. कारकून म्हणाला, "लागलाय नंबर. या आठवड्यात येऊन जागा पक्की करा." मी बाहेर आलो, स्टँडसमोर चहा घेतला. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. चहा पिता पिता मला कळलं की मला ते शनिवार नको होते. तो खडखडणारा रस्ता, ती ट्यूब, ओल्या गोधडीचा वास, वाटेकडे लावलेले त्यांचे डोळे. हे सगळं मी दोन वर्षं, कदाचित जन्मभर करीन असं त्यांनी गृहीत धरलं होतं, आणि धरायला मीच लावलं होतं. मला लांब जायचं होतं. जिथं माझी वाट पाहणारं कोणी नाही अशा जागी.

मुंबई निवडली यात काही गुन्हा नव्हता. तसं तोंडावर सांगितलं असतं तर ते दोन शिव्या घालून मोकळे झाले असते. सांगायची हिंमत झाली नाही.

मी गावात पोचलो. मला पाहून त्यांनी अंग उचललं. "लागला?"

"नाही," मी म्हणालो.

ते खाली टेकले नाहीत. दंड थरथरायला लागले तरी तसेच राहिले. मग टेकले आणि म्हणाले, "जाऊ द्या जी. कालेजच येडं हाय. मन छोटं नका करू." बायकोला हाक मारली, "मास्तराले चहा टाक, साखर जादा घाल." मला नापास समजून ते समजूत घालत होते. मुंबईत समुद्र असतो, मोठी मासोळी असते, असं काय काय सांगत होते. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि त्यांना ते दुःख वाटत होतं.

चहा झाला. ते तलावाकडे पाहत म्हणाले, "मंग डोंगा राह्यला."

तेव्हा मला नवस आठवला.

मी बोलायला लागलो. खूप बोललो. असं काही नसतं भाऊ, दगड आहे तो, कॉलेजचा आणि डोंग्याचा काय संबंध, उद्याच बसा, मी धरतो. आयुष्यात मी इतक्या पोटतिडकीनं कधी बोललो नसेन. प्रत्येक शब्द माझ्या समजुतीप्रमाणे खरा होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं बराबर असन मास्तर. पण शबद म्या देला ना? माय देईन तवा बसीन."

"आणि नाही दिलं तर?"

"माह्यातच काई कमी पडली असन."

यावर सांगायचं एकच वाक्य होतं. ते माझ्याजवळ होतं, फोनवर सकाळीच मिळालं होतं. जागा पक्की करायला दिवसही शिल्लक होते. मी जीपमध्ये बसलो आणि दवाखान्यात परतलो. त्या आठवड्यात नागपूरला गेलो नाही. वडिलांना, मित्रांना, सगळ्यांना हेच सांगितलं; एकाला सांगितल्यावर दुसऱ्याला वेगळं सांगता येत नाही.

मुंबईत मी चांगला शिकलो. हात शिकलो. तुटलेले स्नायू जोडल्यावर बोट पुन्हा कसं वाकवायचं हे मला येतं, आणि ते शिकल्याचा मला पश्चात्ताप नाही. पहिल्या उन्हाळ्यात दवाखान्यातल्या सिस्टरांकडून कळलं, की ते गेले. जखम झाली होती, आत हाडापर्यंत. आणलं तेव्हा उशीर झाला होता.

मला समजेना. ते तर दिवसभर अंग उचलायचे. अर्धं गाव त्या वाटेनं जायचं.

शिक्षण संपल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. बायकोनं सपरीत गोणपाट टाकलं. कसं झालं, ते तिनंच सांगितलं. डोंगा सोडल्यावर त्यांना ती वाट पाहवेना. लोक जाळी खांद्यावर टाकून जायचे, परतताना टोपलीतली मासोळी दाखवायचे. "मले आत घेऊन चाल म्हणे. आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून जाळं विणत बसत. तिथी कोण जाते राम राम घालाले? म्या सांगो, उचला जी, उचला. तं म्हणत, उचलतो ना, मी कुठी पळून राह्यलो."

तिनं माझ्यापुढे चहा ठेवला. मग म्हणाली, "तुमी वाईट नका वाटून घेऊ मास्तर. नंबर लागणं तुमच्या हातात थोडंच होतं? मायनंच आमचं आयकलं नाई. एवढ्या वर्षाची सेवा, अन् एक गोष्ट मांगितली होती त्याईनं." मरणाआधी ते सारखं विचारायचे, असं ती सांगत होती. आपलं काय चुकलं, कोणत्या साली मायला काय द्यायचं राहिलं. तेव्हापासून ती पाळीवर दिवा लावत नाही. तलावावर जायचं तर खालून, भातशेतीच्या बांध्यांतून जाते. तिकडे पाहायला नको म्हणून.

मी चहा प्यायलो. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोष त्या शिळेवरून उठून माझ्यावर आला असता. यापेक्षा मोठं कारण मी खूप वर्षं शोधलं, सापडलं नाही.

आता मी पन्नाशीला आलोय. नागपुरातच दवाखाना आहे. कमरेखाली गेलेले पेशंट येतात. त्यांना मी तीच युक्ती शिकवतो, कारण तिच्याइतकी चांगली युक्ती मला मुंबईतही कोणी शिकवली नाही. मी दारातून आत येतो, नमस्कार म्हणतो, आणि चाकाच्या खुर्चीतला कोणीतरी दोन्ही हातांवर वर उचलला जातो. तो खाली टेकेपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही. तो क्षणभर जास्त वर राहिला तर मीच ओरडतो, "बसा, बसा." पेशंटना वाटतं, डॉक्टर तापट आहे.

मधे कामानिमित्त कुरखेड्याला जाणं झालं. बाजाराचा दिवस होता. ती पाटीत मासे घेऊन बसली होती, केस पिकलेले. तिनंच मला ओळखलं. "मास्तर! पोट्टे कसे हाय?" मी म्हटलं, बरे आहेत. तिनं निवडून निवडून मासे दिले, वर दोन जास्त टाकले. समोरचं गिऱ्हाईक कुरकुरलं, तर त्याला म्हणाली, "आमचे मास्तर हाय हे. आमच्या घरच्या माणसासाठी बहुत केलं त्याईनं."

मी पिशवी घेतली आणि गाडीत येऊन बसलो.

ज्या मायवर माझा कधीच विश्वास नव्हता, तिनं त्यांचं ऐकलं होतं, त्यांच्या मागण्यात काहीही कमी पडलं नव्हतं, खोटं मी बोललो होतो, हे मला त्या बाईंसमोर बसून सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.