शून्य आलेली जागा

योर्लादिस किसेनो ही मुलगी नगरपालिकेच्या नियोजन खात्यात लागली तेव्हा तिला नकाशा नुसता वाचता येत होता. नकाशांचे बेरीज-गुणाकार तिला साहेबांनी, इंजिनियर ओस्सांनी शिकवले.

"नकाशा म्हणजे चौकोनांची जाळी. उतार उभा, दरड कोसळेल असा असेल त्या चौकोनात एक, नसेल तिथे शून्य. दुसऱ्या नकाशात घर असेल तिथे एक, नसेल तिथे शून्य. आता एकावर एक ठेव आणि गुण. एक उरेल तिथली माणसं हलवायची."

बटण दाबताच अख्खा डोंगर गुणला गेला. तिला गंमत वाटली. मग लाल झालेल्या चौकोनांत एल मिराडोर वस्ती दिसली. आई गेल्यावर एवेलियोमामा आणि ब्लांकामामीने तिला तिथेच वाढवलं होतं.

"साहेब, माझ्या मामाचं घर आलंय."

"कॉम्प्युटरला मामा नसतो," ओस्सा हसले.

नदीकाठच्या सपाट माळावर शून्य आलं होतं. लोकांना तिथे न्यायचं ठरलं.

"पण पुराचा नकाशा कुठे गुणलाय आपण?"

"तो आपल्याकडे नाही. महापौरांना शुक्रवारी नकाशा हवाय. शिकवलंय तेवढं कर."

तिने तेवढंच केलं. नोकरी नवी होती.

वस्ती हटून बसली. मामा तर दारातून हलेना. "जन्मात कधी हा डोंगर खचला नाही. तू शिकलीस म्हणून खचणार होय?"

मामीच म्हणाली, "पोरगी आपलं वाईट करेल का? चला." मामी निघाली म्हणून बाकीचेही निघाले.

पुढच्या पावसाळ्यात भरदुपारी नदी माळावर चढली. मामी खाली केळीच्या बागेत सापडली, चिखलाने भरलेली. मयताच्या घरी सगळ्यांना पानेलाचं, म्हणजे गुळाचं, गरम पाणी दिलं. योर्लादिससमोर कुणी कप धरला नाही.

पुराचा नकाशा नंतर आला. ओस्सांनी तो तिच्याकडूनच गुणून घेतला. माळ लालभडक झाला. "बघ, जमतंय की तुला," ते म्हणाले.

एल मिराडोरचा डोंगर अजून खचलेला नाही.

वरचं घर तेव्हाच पाडलेलं, मामाला दुसरीकडे थारा नाही, म्हणून तो तिच्याच भाड्याच्या खोलीत राहतो. तिच्या हातचं जेवतो, तिच्याशी बोलत नाही. शेजारी आले की मात्र तिच्यादेखत कौतुक करतो, "आमची ही पोरगी फार शिकलेली. मामीला जागा हिनेच शोधून दिली."