लग्नाला जाणारी कट्यार

जुनी हत्यारं पारखणं हे माझं पोटापाण्याचं काम. संग्रहालयात कट्यार आली की तिच्यावरच्या नक्षीला मी भुलत नाही. मूठ पंजात नीट बसते का, टोक जाड आहे का, धार लावून लावून पातं झिजलंय का, तेवढं बघते. त्यावरून ती लढायची की मिरवायची ते सांगते. आमच्या देवघरातली कट्यार मात्र मी कधी पारखली नव्हती. घरच्या देवाची परीक्षा कोण घेतं?

वडीगोद्रीत आमच्या गल्लीत कुणाचंही लग्न असो, हळदीला ती कट्यार मागायला माणूस यायचाच. टोकाला लिंबू खोचून नवरदेव ती हातात धरायचा. लग्न लागलं की ती परत देवघरात.

यंदा माझ्या पुतण्याचं लग्न ठरलं. तो म्हणाला, "आबा, ही तर शोपीस हाय. भाड्यानं चांगली तलवार आनू."

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, चेहरा पडला. जन्मभर त्यांनी ती लढाईतली म्हणून सांगितली होती. मी पुतण्याला चांगलंच झापलं, पण आबांनी कट्यार माझ्यापुढे ठेवली.

"तूच सांग, बाई. माझं मन राखू नको. नुसती शोभेची असली, तर मंग मी ती कोनाच्याच लग्नाला देनार न्हाई."

मी ती उजेडात नेली. मूठ इतकी अरुंद, की माझाही पंजा मावेना. पात्याला धार कधी लावलेलीच नव्हती. मग टोक दिसलं. तेवढंच काळवंडलेलं, खडबडीत, कडा कुरतडल्यासारख्या.

"काय बघून राह्यली इतकी?"

"आबा, लढाईतली न्हाई ही."

त्यांनी मान खाली घातली.

"पन नुसती शोभेची बी न्हाई. हे टोक बघा. लिंबाच्या रसानं खाल्लंय. पिढ्यान्‌पिढ्या लग्नात राबलीय ही."

आबा त्या टोकावरून अंगठा फिरवत राहिले. मग हसले. "म्हंजे माझ्या लग्नातलं लिंबू बी हाय यात."

मला भरून आलं. त्याच लग्नाची तर मी लेक. आबांच्या हातून कट्यार घेऊन मी कपाळाला लावली. उपकार मानायला दुसरं काही सुचलं नाही.

आबांनी पुतण्याला हाक मारली, "ए नवरदेवा, जल्दी जा अन् लिंबू आन. चांगलं रसाचं बघ."