बांधमास्तरांची माती

आमच्या ह्यांना सगळे बांधमास्तर म्हणतात. उतारावर आडवे बांध घालून माती कशी अडवायची, हे लहान शेतकऱ्यांना शिकवत हे गावोगाव फिरतात. घरची शेती माझे थोरले दीर कसतात. ते नांगर धरतात उताराच्या दिशेनं, सरळ वरून खाली. ह्यांनी एकदाच समजवायला तोंड उघडलं, तर दीर म्हणाले, "तुझं ऐकायला लोकांना फुकट जेवण मिळतं. मी उपाशीपोटी का ऐकू?" सगळे हसले. हेही हसले, आणि पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. बाहेर वाघ, घरात मांजर!

यंदा धो धो पाऊस झाला आणि आमच्या शेतात नुसता मुरूम उरला. दुसऱ्या दिवशी खालच्या शेताचा मालक टोपलीभर काकड्या घेऊन आला. तो ह्यांचाच विद्यार्थी.

"मास्तर, तुमचे उपकार कसे फेडू? बांधाला वीतभर काळी माती अडकलीय!"

ती आमची माती होती. हे मान खाली घालून बसले. दिरांनी टोपलीतली काकडी उचलली, कचकन चावली आणि म्हणाले,

"परक्याला शिकवलंस. मला कधी शिकवलंस रे?"