लटारूजींचा डावा दंड

लटारूजी मेश्रामांच्या डाव्या दंडावर देवीच्या लशीचे अकरा वण होते. एरवी माणसाला एक असतो, फार तर दोन. बाकीचे वैनगंगेपल्याडच्या कोसमटोल्यानं आणि आसपासच्या खेड्यांनी दिलेले.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी ते कोसमटोल्यात देवी टोचायला गेले, तेव्हा एका म्हाताऱ्यानं त्यांची सुई हातानं बाजूला सारली होती. "आधी तुमी घ्या, मंग आमाले द्या." लटारूजींनी तिथंच बाही वर करून स्वतःला टोचलं, आणि गाव रांगेत उभं राहिलं. तेव्हापासून तो रिवाजच पडला. लस कोणतीही असो, आधी लटारूजींचा दंड. पुढं देवीचा रोग गेला, ते आरोग्य सेवक झाले, केस पिकले. पण कोसमटोल्यात ते देवीवाले भाऊच राहिले. त्यांना याचा फार अभिमान होता. बोलून मात्र त्यांनी तो कधी दाखवला नाही.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. त्या भादव्यात धानाच्या पट्ट्यात मेंदूचा ताप आला. सकाळी खेळणारं पोर संध्याकाळी झटके येऊन पडायचं. कोसमटोल्यात दोन पोरं गेली. त्यातली एक सुकरी सुईणीची नात. मग नवी लस आली आणि मागोमाग हुकूम आला : आधी दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांनी टोचून घ्यावं, म्हणजे लोकांची भीती जाईल.

"नवं औषध हाये बाई," कंपाउंडर श्रावण नर्सबाईंना म्हणाला. "आधी आपल्यावर पाहून राह्यले. आपन का उंदीर हावो?"

"मले तं तसंबी इंजेक्शनानं गाठ येते," वच्छलाबाई म्हणाल्या. "आना इकडे रजिस्टर, सही करून देतो."

सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि सगळ्यांची लस मोरीत गेली. लटारूजी तेव्हा खेड्यांवर होते. तिसऱ्या दिवशी परतले ते बाही वर करूनच फ्रिजपाशी गेले. दार उघडलं तर आंबूस भपका आला. श्रावण आपलं दूध लशीच्या फ्रिजमध्ये ठेवायचा. ते फाटून त्याचं पाणी झालं होतं. लशीच्या कुपीला हात लावला, तर ती कोमट.

"श्रावण, लाईन कधीची गेली?"

"परवापासून. काऊन?"

"काऊन म्हनते! लस मेली ना बे सगळी."

लटारूजी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण होते, शहरातून आलेले, बदलीची वाट पाहणारे. "लटारूजी, कोसमटोल्याचा कॅम्प उद्याचा ठरलाय," ते म्हणाले. "वर कळवलंय. जरा गरम झाली म्हणून लशीचं विष होत नाही."

"विष नाई होत साहेब, पानी होते."

"झालं तर. पाण्यानं कोणी मरत नाही."

दुसऱ्या दिवशी डोंग्यातून नदी ओलांडताना लशीची पेटी लटारूजींच्या मांडीवर होती. आपण टोचून घेतलं की गाव टोचून घेणार. पाणी टोचून घेणार आणि निर्धास्त होणार. मग पुन्हा एखादं पोर पडलं, तर कोणत्या तोंडानं इथं यायचं?

मोहाच्या झाडाखाली गाव जमलं होतं. सगळ्यांचे डोळे त्यांच्या दंडावर. डॉक्टरांनी सुई भरली. लटारूजींनी बाही वर केली, आणि हळूच परत खाली ओढली.

"आज नाई," ते म्हणाले. "हे औषध खराब झालं. चांगलं आलं का मी सोता घेईन, मंग तुमाले देईन."

गाव उठून घरी गेलं. आठ दिवसांनी मेमो आला : सर्व कर्मचाऱ्यांनी लस घेतली असताना आपण एकट्यानं ती नाकारून लोकांमध्ये गैरसमज पसरवला, याचा खुलासा करावा.

"आमी सगळे टोचलो बाप्पा," श्रावण दात काढत म्हणाला. "तुमीच भेले."

लटारूजींनी खुलासा चारदा लिहिला आणि चारदा फाडला. मोरीत गेलेल्या लशीचं एव्हाना त्यांना कळलं होतं; खरं लिहावं तर पाच जणांच्या सह्या खोट्या ठरत होत्या. शेवटी 'चूक झाली' एवढंच लिहून दिलं, आणि त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला.

तीन आठवड्यांनी नवी लस आली. ती आणायला ते स्वतः एसटीनं गडचिरोलीला गेले. पेटी घट्ट बर्फानं भरून घेतली, आणि सकाळी थेट कोसमटोला गाठला. मोहाखाली बसून पहिली सुई स्वतःच्या दंडाला टोचली. गाव लांबूनच पाहत होतं.

"मांगच्या बारीले तुमीच खराब म्हनलं," चैतू म्हणाला. हा गावचा कोतवाल. "आता कसं चांगलं झालं?"

"ते गरम झालेलं होतं. हे दुसरं हाये."

"का मेमो भेटला म्हनून घेऊन राह्यले?" लोक हसले. दवाखान्यातली बातमी नदी ओलांडून गावात पोचली होती.

एकटी सुकरी नातवाला काखेत मारून पुढं आली. "हसा!" ती चैतूवर ओरडली. "तेव्हा साहेबासमोर नाई म्हनाले, ते कोनासाठी? तुह्या बापासाठी? टोचा भाऊ." पोराला टोचून होताच ती घरोघरी भांडायला निघाली.

लटारूजी बसून राहिले. मधून मधून पेटीत हात घालून बर्फ चाचपत होते. दुपारपर्यंत चौघं आली. ऊन कलतं झालं, बर्फाचं पाणी झालं, आणि मग पाणीही कोमट लागायला लागलं. त्यांनी पेटी बंद केली.

तेवढ्यात धानाच्या बांध्यांमधून सुकरी येताना दिसली. मागं सात-आठ बाया, प्रत्येकीच्या कडेवर पोर.

लटारूजींनी झाकण उघडून पुन्हा हात घातला. तळाशी कुठं गारवा असेल म्हणून बोटं फिरवली. नव्हता.

"आज नाई," ते मान खाली घालून म्हणाले. "बर्फ संपला. मंगळवारी आनतो."

"तुमचं औषध काऊन नेहमीच खराब राह्यते जी?" एक बाई म्हणाली, आणि पोराला घेऊन वळली. बाकीच्याही वळल्या. सुकरी तेवढी थांबली. घरोघरी ओरडून तिचा घसा बसला होता.

"मंगळवारी मी या बायायले पुन्हा आनू?" तिनं विचारलं. "का तवाबी..."

"बर्फ जास्त आनतो," लटारूजी म्हणाले, आणि पेटीतलं पाणी मोहाच्या बुडाशी ओतलं.