बाउलच्या इतिहासातला दुसरा पॅराग्राफ

“दुसरा पॅराग्राफ काढ,” मॅथ्यूसर म्हणाले. “क्लायंटला नकोय.”

मी तेव्हा दुबईतल्या एका छोट्या ॲड एजन्सीत कॉपीरायटर होते. म्हणजे जाहिराती, पत्रकं, स्मरणिका यांतला मजकूर लिहायचं काम. मॅथ्यूसर माझे बॉस. अल ऐनच्या एका कॉलेजात दर हिवाळ्यात फुटबॉलची मॅच व्हायची. बक्षीस म्हणून चांदीचं भांडं, त्यामुळे सगळे तिला ‘बाउल’च म्हणत. ज्याचं नाव मॅचच्या नावाआधी लागतं, तो टायटल स्पॉन्सर. आधी एक गालिचेवाला होता, मग एक सरबतवाला. त्या वर्षी गाड्या विकणारी कंपनी आली आणि तिला स्मरणिकेत बाउलचा इतिहास हवा होता.

तो सांगणारा कॉलेजात एकच माणूस उरला होता. परकारचाचा, केमिस्ट्रीचे लॅब असिस्टंट, मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांचा मुलगा इम्रान कॉलेजचा गोलकीपर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दुबईच्या रस्त्यावर टायर फुटून गाडी उलटली, त्यात तो गेला. मित्रांनी वर्गणी काढून भांडं आणलं आणि त्याच्या नावाने मॅच भरवली. तेव्हा स्पॉन्सर वगैरे कोणी नव्हतं.

“जिंकणाऱ्यांना बाउल दरवर्षी मीच देतो,” चाचा म्हणाले. “पण छापून कधी आलं नाही. नीट लिहा हां, बाई. गावी त्याच्या आईला पाठवायचंय.”

ते सगळं मी दुसऱ्या पॅराग्राफमध्ये लिहिलं होतं.

“सर, सुरुवातच तिथून आहे,” मी म्हटलं.

“गाडीवाल्याच्या पुस्तकात गाडीचा ॲक्सिडेंट? सोच के बोलो.”

“ॲक्सिडेंट नको. नुसतं नाव ठेवू?”

त्यांनी माझ्यासमोरच क्लायंटला फोन लावला. दोन मिनिटांत ठेवला. “लोग पूछेंगे, कैसे मरा. खलास. उद्या प्रिंटला जायचंय.”

मी लिहिलं, ‘काही फुटबॉलप्रेमी विद्यार्थ्यांनी ही स्पर्धा सुरू केली.’ वाक्य खोटं नव्हतं. चाचांना कळवायला मी फोन उचलला, अर्धा नंबर फिरवला आणि ठेवून दिला.

मॅचला चाचा इस्त्रीचा सूट घालून आले. गेटवरच त्यांना सांगण्यात आलं, की या वेळी कंपनीचे मॅनेजर बाउल देतील. तिसऱ्या रांगेत बसून त्यांनी स्मरणिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग परत पहिल्यापासून. हाफ टाइमला माझ्याकडे आले.

“बाई, माझ्या कॉपीत एक पान कमी आलंय वाटतं. दुसरी आहे का?”

“नाही चाचा,” मी म्हटलं. “सगळ्यांची अशीच आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. स्मरणिका शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि ते गेटकडे चालू लागले. मी हाक मारली नाही. पुढच्या वर्षी कंपनीने स्पॉन्सरशिप सोडली, दुसरं कोणी आलं नाही आणि बाउल बंद पडला.

तेव्हापासून ज्याचा मजकूर कापते, त्याला छपाईआधी स्वतः सांगते. कापलेलं परत येत नाही. पण निदान त्या माणसावर ते चारचौघांत वाचून कळायची वेळ येत नाही.