शेवटच्या कडव्यातलं नाव

२०२४ साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण आमच्या कडावच्या भजनी मंडळात बुवा मीच. मला कुणी शहाणपण शिकवलेलं कधी खपलं नाही.

कार्तिकातला रविवार होता. दुपारी सुनेनं टीव्हीवर सिनेमा लावला. मी, सून आणि माझी थोरली वहिनी बघत बसलो. भाऊ गेल्यापासून वहिनी आमच्यातच असते. सिनेमात एक लेखक होता. त्याचा मित्र मरतो, मित्रानं लिहून ट्रंकेत ठेवलेली कादंबरी ह्याच्या हाती लागते आणि हा ती खुशाल आपल्या नावानं छापतो. हारतुरे, फोटो, मोठं घर. मग मित्राची बायको ते पुस्तक वाचते, तर त्यात तिच्याच घरातली बोलणी! तिथून त्याची पडझड सुरू झाली. शेवटी पोटचा मुलगाही त्याच्याशी बोलेना.

"मेला चोरटा!" सून म्हणाली.

मला एकदम राग आला. "चोरटा कसा गं? लोकांपुढं आणलं कोणी? नायतर पडलं असतं तसंच ट्रंकेत."

वहिनीनं टीव्हीवरची नजर काढली नाही. "खरंच हाय की, भावजी. आणि बाईचं नाव घेतलं तर मंडळी हसतील, नाय का?"

हे शब्द माझे होते. आदल्या वर्षी भाताच्या लावणीत, चिखलात वाकून रोपं लावता लावता तिनं एक अभंग रचला होता. मी बांधावर उभा राहून ऐकला, त्याला चाल बसवली. अभंगाच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. तिथं मी माझं घातलं. तिनं विचारलं तेव्हा हेच उत्तर तोंडावर फेकलं होतं. श्रावणातल्या सप्ताहात मी तो गायलो, कुणीतरी मोबाईलवर घेतला आणि खालापूरपर्यंत पोचला. लोधिवलीच्या मंडळानं तर बोलावून शाल दिली. घरी येऊन मी वहिनीला म्हटलं, "बघ, तुझ्या गाण्याला केवढा मान!" 'तुझ्या' म्हटलं ते घरात. तिथं, चार लोकांत, जीभ उचलली नाही.

"कोण हसतील वो, मोठ्या आई?" सुनेनं विचारलं.

"काय नाय गं. सिनेमातलंच बोलते," वहिनी म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

तिनं मला झाकलं. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो तरी असतो. आता सुनेकडं बघायची सोय राहिली नाही. चहा आला तसा खाली मान घालून प्यालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे देवळात काकडा होता. बायका मागं बसल्या होत्या, त्यांत वहिनीही. तो अभंग आला. शेवटच्या कडव्यात मी तिचं नाव घेतलं. ते माझ्या नावापेक्षा लांब, ओळीत मावेना. मृदंग अडखळला.

"बुवा, चुकलात," मृदंगवाला हळूच म्हणाला.

"नाय चुकलो. अभंग वहिनीचा हाय. मी नुसता गातो," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मागं वळून बघायची हिंमत झाली नाही. तेच कडवं पुन्हा घेतलं.