ट्राउटची रंगीत तालीम

निवृत्त माणसाला पेन्शन महिन्यातून एकदा मिळते. किस्से मात्र रोज येतात, आणि त्यांना हयातीचा दाखलाही लागत नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका चहाच्या गाडीसमोर आमचं बाकडं आहे. त्यावर सकाळी आम्ही चौघे असतो: अण्णा, बापू, दस्तगीर आणि मी. चौघेही एकाच सरकारी कचेरीतून बाहेर पडलेले. अण्णा रेकॉर्ड शाखेत, बापू हिशेबाला, दस्तगीर साहेबांच्या जीपवर आणि मी आवक-जावकला. नोकरीत आम्ही काही केलं नाही असं लोक म्हणतात. साफ खोटं. इतके किस्से काय आपोआप साठले? त्यातले मासेमारीचे तेवढे सांगतो. बाकीच्यांतले साहेब अजून हयात आहेत.

*

सुरुवात अण्णांच्या लेकीच्या लग्नात झाली. सायलीनं पुण्याच्या कंपनीत हिमाचलचा मुलगा पसंत केला. व्याही ठाकूरसाहेब, उंचेपुरे, सफरचंदांच्या बागेचे मालक. रिसेप्शनला बँडवाल्यांना नुकताच जोर चढला होता आणि दोघे व्याही नेमके बँडशेजारी बसले होते.

ठाकूरसाहेबांनी ओरडून विचारलं, "समधी जी, फिशिंग करते हैं?"

अण्णांना ऐकू आलं, "फायलिंग."

"तीस साल किया!" अण्णा म्हणाले. "रोज! हाथ में बैठ्या है!"

ठाकूरसाहेब खुर्ची सरकवून जवळ आले. "सबसे बड़ी कितने की?"

"पंधरा-पंधरा किलो की! दोनों हात से उठानी पडती!"

"अकेले?"

"अकेला! साब लोक खाली देखते खडे रहते!"

"फिर क्या करते हैं उसका?"

"बांध के रख देते. दस साल हुए की जला देते."

ठाकूरसाहेबांनी हातातली प्लेट खाली ठेवली. मग त्यांनी उठून अण्णांना मिठी मारली.

*

खुलासा वर्षभरानं झाला. सायलीचा फोन आला, "बाबा, मे महिन्यात सासऱ्यांनी तुम्हाला आणि तुमच्या मित्रांना बोलावलंय. नदीकाठी तंबूत राहायचं आणि ट्राउट मासे पकडायचे. पंधरा किलोचा मासा एकटा काढणारा माझा व्याही, असं त्यांनी अख्ख्या गावाला सांगितलंय!"

अण्णांनी फिशिंग आणि फायलिंगचा घोळ सांगितला. मग लेक म्हणाली, "आता खरं सांगू नका हं बाबा. सासूबाईंची माझ्यावर अजून नीट मर्जी बसलेली नाही. त्यात माझे वडील थापाडे निघाले, तर मी त्या घरात कुठल्या तोंडानं वावरू?"

अण्णा बाकड्यावर आले ते पडलेला चेहरा घेऊन. लेकीला सातवा महिना लागत आलेला. आयुष्यात त्यांनी मासा धरला होता तो फक्त ताटात, आणि तोही काट्याच्या भीतीनं अर्धा टाकलेला.

दस्तगीर म्हणाला, "घाबरतायसा कशाला अण्णा? फायलिंग काय आन् फिशिंग काय, दोन्हीत नुसतं बसूनच ऱ्हायाचं असतंय की!"

"आणि काही हललंच तर दचकायचं," मी म्हणालो.

तयारी ठरली.

*

तारखांचं काम बापूंकडे गेलं. त्यांनी कॅलेंडर बाकड्यावर पसरलं. सोमवार महादेवाचा, तो अण्णांचा. मंगळवार गणपतीचा, तो माझा. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, हे दोन्ही खुद्द बापूंचे. शुक्रवारी अंबाबाई, ती सगळ्यांचीच. रविवारी जोतिबा, तो अण्णांच्या घरचा कुलस्वामी. उरला बुधवार. ज्या आठवड्यात जायचं, त्या बुधवारी नेमकी एकादशी.

"मला समदे वार चालत्यात," दस्तगीर म्हणाला. "पण मासाच चालत न्हाय. काटा लागतोय."

शेवटी सायलीला विचारलं. तिनं सांगितलं, तिकडे मासा धरतात आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात.

बापूंनी चष्मा काढला. "धरायचा आन् सोडायचा? मग ती मासेमारी हाय का कबड्डी?"

पण अण्णांचा चेहरा उजळला. "अरं मर्दा, म्हंजे उपवासाला चालतंय की!"

*

मग तंबू आला. सायलीनं कुरिअरनं पाठवला होता. रंग भगवा. डोंगरावरच्या वाऱ्यात लावून बघायला हवा, म्हणून दस्तगीरच्या मेव्हण्याची गाडी घेऊन आम्ही जोतिबाला गेलो. देवळापासून जरा लांब एक मोकळी जागा बघितली आणि माहितीपत्रक उघडलं. ते चिनी भाषेत होतं. बापूंनी ते उलटं धरून बघितलं, तरी चिनीच.

तंबू आतून उचलावा लागतो, असा अण्णांचा तर्क. ते आत शिरले. बाहेरून आम्ही तिघांनी तीन कोपरे ओढले. तंबू उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. आतून अण्णांचा "हर हर!" असा दम लागलेला आवाज येत होता.

मी मागे वळून बघतो तर काय, सात-आठ भाविकांची रांग लागलेली! चपला रांगेत काढलेल्या.

तेवढ्यात तंबूच्या फटीतून अण्णांचा हात बाहेर आला. खुंटी मागत होते. पहिल्या नंबरच्या म्हातारीनं त्या हातावर नारळ ठेवला.

"आवं नारळ न्हाय! खुंटी! खुंटी!" आतून आवाज आला.

म्हातारीनं हात जोडून दस्तगीरला विचारलं, "कोन म्हाराज हायती?"

"म्हाराज न्हायती आज्जी, क्लार्क हायती. रिटायर."

"असू द्या की," म्हातारी म्हणाली. "कचेरीतल्या मानसानं हात फुडं केला आन् नारळावर भागलं, म्हंजे देवमानूसच म्हनायचा!"

तंबू गुलालानं माखला. येताना गाडीत पाच नारळ होते. वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, त्यांच्या वड्या केल्या.

*

"तिकडं गळाला फ्लाय लावतात," असं सायली म्हणाली होती.

"फ्लाय म्हंजे माशी," अण्णांनी आम्हाला समजावलं. "माशाला माशी. बराबर हाय."

माशा कुठे मिळतील हा प्रश्न कोल्हापुरात कुणालाही पडत नाही. हंगामाचं शेवटचं गुऱ्हाळ दस्तगीरच्या ओळखीचं होतं. काचेच्या बरणीत गुळाचा खडा टाकून आम्ही तासभर बसलो आणि ती गच्च भरून आणली. झाकणाला भोकं पाडून अण्णांनी ती स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली, मुरांब्याशेजारी.

वहिनींनी दुपारी झाकण उघडलं.

पुढचं मी स्वतः ऐकलं, रस्त्यावरून. वहिनींची किंकाळी आणि तिच्यावर चढलेला अण्णांचा आवाज: "अगं धर, धर! हिमाचलचा माल हाय त्यो!"

संध्याकाळी सायलीनं फोटो पाठवला. फ्लाय म्हणजे खरी माशी नव्हे. कोंबड्याच्या पिसांची, दोऱ्यानं बांधलेली, नुसती माशीसारखी दिसणारी.

अण्णा हबकले. "खोटी माशी? आन् मासा ती खरी मानतोय?"

बापू म्हणाले, "आपली टूर बिलं साहेब मानत न्हवतं व्हय?"

*

गळ टाकण्याचा सराव अण्णांच्या गच्चीवर झाला. बाजारातून एक काठी आणली होती, तिला चक्री होती. अण्णांनी "सरका!" म्हणून आम्हाला कठड्याला चिकटवलं, काठी डोक्यामागे नेली आणि भिरकावली. दोरा सुसाट गेला आणि शेजारच्या गच्चीत कुठंतरी पडला.

अण्णांनी चक्री फिरवली. ओढ लागली.

"जड हाय!" अण्णा किंचाळले.

"सोडू नगा!" दस्तगीर ओरडला.

अण्णांनी कंबर मोडून ओढलं. कठड्यावरून एक जुनी पांढरी साडी वर चढत आली. तिच्यावर शेजारच्या शेवंताकाकूंनी सकाळी घातलेल्या कुरडया. निम्म्या वाटेत सांडल्या, निम्म्या आमच्या गच्चीत उतरल्या. पाठोपाठ कठड्यावर काकूंचं डोकं आलं.

"अवं अण्णा, दोन मागितल्या असत्या तर दिल्या नसत्या व्हय? सगळा उन्हाळाच वडून न्हेताय की!"

*

हिमाचलच्या नदीचं पाणी बर्फाचं. त्यात गुडघाभर उभं राहावं लागतं, असं कळलं. दस्तगीरनं गोळेवाल्याकडून बर्फाची लादी आणली, घमेल्यात फोडली आणि अण्णांना त्यात उभं केलं. बाहेर एप्रिलचं ऊन. दुसऱ्या दिवशी अण्णांचं नाक वाहायला लागलं.

डॉक्टरांनी विचारलं, "एवढी सर्दी कशानं?"

"हिमाचलमुळं," अण्णा शिंकत म्हणाले.

"कवा गेलता?"

"गेलो न्हाय अजून. जाणार हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सरकारी मानूस. सर्दीबी ॲडव्हान्समध्ये!"

*

आणि मग जाण्याआधीच ठाकूरसाहेब आले!

सायलीचं डोहाळजेवण माहेरी होतं. त्यासाठी विहीणबाई येणार हे ठरलेलं होतं. ठाकूरसाहेबही येणार हे त्यांनी स्टेशनवर उतरून सांगितलं. बरोबर दोन लांबलचक काठ्या. एक त्यांची, एक अण्णांना भेट.

"समधी जी, मई तक किससे रुका जाता है! कल सुबह चलें?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षांत साहेबांनी हरवलेली फाईल मागितली, तेव्हाही त्यांचा असा चेहरा झाला नव्हता. सायली दारात उभी होती. हिरवी साडी, हातात फुलांचे दागिने. ती नुसती बापाकडे बघत राहिली, आणि तिच्यामागून सासूबाई तिच्याकडे.

"चलेंगे की!" अण्णा म्हणाले.

बापूंच्या मेव्हण्याच्या रानात शेततळं आहे, पन्हाळ्याच्या वाटेला. त्यात मासे आहेत असं मेव्हणा म्हणतो. सकाळी गाडीतून सगळे निघालो, बायकासुद्धा. सायली आणि सासूबाई आंब्याखाली सतरंजीवर बसल्या. ठाकूरसाहेब तळ्याच्या या काठाला गेले. जवळ उभं राहिलं तर पितळ उघडं पडेल, म्हणून अण्णा थेट समोरच्या काठाला गेले. बापू, दस्तगीर आणि मी मधल्या बांधावर, भडंगाची पिशवी घेऊन.

ठाकूरसाहेबांनी झोकात गळ टाकला. तळ्याच्या मधोमध पडला. अण्णांनी डोळे मिटून टाकला. तोही मधोमध पडला.

बराच वेळ काही झालं नाही. सासूबाईंनी एक जांभई दिली. सायली पदराचं टोक पिळत होती.

एकाएकी अण्णांची काठी वाकली.

"लागला!" अण्णा ओरडले.

"लग गई!" पलीकडून ठाकूरसाहेब ओरडले. त्यांचीही काठी वाकली होती.

अण्णांनी ओढलं. ठाकूरसाहेबांनी ओढलं. अण्णा दोन पावलं पाण्याकडे घसरले, मग ठाकूरसाहेब घसरले. दोन्ही काठांवर आरडाओरडा.

"लई मोठा हाय!"

"बहुत बड़ी है!"

"सोडत न्हाय!"

"छोड़ना मत, समधी जी!"

सायली उठून उभी राहिली. सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला आणि ओरडल्या, "खींचिए, समधी जी, खींचिए!"

आम्ही तिघे मधल्या बांधावर होतो. दोरा पाण्यातून वर आला. या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, ताठ, कपडे वाळत घालावेत असा. त्यावरून पाण्याचे थेंब ओळीनं ठिबकत होते. मधोमध पिसांच्या दोन माशा एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या.

बापूंनी बोलायला तोंड उघडलं. दस्तगीरनं त्यात मूठभर भडंग कोंबलं.

दोरा तुटला. इकडे अण्णा उताणे, तिकडे ठाकूरसाहेब उताणे, दोघेही चिखलात.

मग दोघांना सतरंजीवर आणून बसवलं. चहा आला. ठाकूरसाहेब बराच वेळ धापा टाकत होते.

"पंद्रह किलो से कम नहीं थी," ते म्हणाले.

"जादाच," अण्णा म्हणाले. "मेरे को अंदाज है."

"और दो-दो थीं! एक आपको, एक हमको. ऐसी मछली हमारे पूरे पहाड़ में नहीं है, समधी जी. आप वहाँ आकर क्या करेंगे? अब हर साल हम ही यहाँ आएँगे."

सासूबाईंनी स्वतःच्या हातानं सायलीला पेढा भरवला.

ठाकूरसाहेबांनी कप खाली ठेवला, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि अण्णांच्या जवळ सरकले. वर्षभर पोटात ठेवलेला प्रश्न असावा. आवाज एकदम खाली आला.

"समधी जी, बुरा न मानें तो एक बात पूछूँ? इतनी बड़ी-बड़ी पकड़ के, दस साल सँभाल के... आख़िर जला क्यों देते हैं?"

अण्णांनी चिखलाचा हात धोतराला पुसला.

"वो अपने हात में नहीं रहता," ते म्हणाले. "ऊपर से ऑर्डर आता है."

ठाकूरसाहेबांनी आभाळाकडे बघून हात जोडले.